हद्दीची पाटी आणि बाईंचं घड्याळ

१२ जानेवारी, सोमवार

दाद्या,

वरती 'प्रिय' लिहितात. त्याची जागा मोकळी सोडलीये, नंतर बघू.

दोन वर्षं मी फोनवर आले नाही आणि आता एकदम कागद, म्हणजे तू आधी उलटसुलट करून बघणार की हे खरंच माझं आहे का. माझंच आहे. फोनवर यायचं नाही हे ठरलंय त्यात बदल नाही. पत्राचं काही ठरलं नव्हतं. आणि दर रविवारी तुला "राँग नंबर, ही लाकडाची वखार आहे" असं सांगणारे खोकणारे आजोबा मीच होते. एकदा तू त्या आजोबांना विचारलंस, "मग सागवान आहे का हो?" तेव्हा मला कळलं की तुला कळलंय. मी फोन ठेवून खूप हसले. मग चिडले. मग तू रविवारचा फोन बंद केलास. असो.

बातमी अशी की माझं घर बदललं. आधीच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांना स्वतःलाच धरून न्यावं लागतं, मला कोण सांभाळणार? म्हणून केसवाली ताई आली, तीच ती, आपल्या दोघांच्या केसची फाइल बगलेत घेऊन फिरणारी, तू मला जिच्याकडे दिलंस ती. तिने माझी बॅग उचलली आणि नवीन घरी आणून सोडलं. हे माझं तिसरं सांभाळणारं घर. आता मला सराव झालाय. पहिल्या दिवशी संडासाची कडी कशी लागते ते बघायचं, बाकी सगळं हळूहळू कळतं.

इथले काका लिफ्ट दुरुस्त करतात. जेवताना त्यांच्या हातातून ग्रीसचा वास येतो आणि ते कुठल्याही इमारतीत गेले की आधी लिफ्टचा आवाज ऐकतात, मग माणसांकडे बघतात. काकू पुढच्या खोलीत मशीन टाकून कपडे दुरुस्त करतात. झिपा बदलणं, कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं. कुणाची कंबर किती वाढली हे काकूंना सगळ्या रस्त्याचं माहीत आहे, पण सांगत नाहीत. मी विचारून बघितलं. बटणांच्या बरण्या आहेत. मी पांढऱ्या बटणांच्या बरणीत एक पेपरमिंटची गोळी टाकून ठेवलीये. अजून कुणी शिवलेली नाही.

बरं, तू गोदीत बोटींना वेल्डिंग करतोस, तर एक सांग. समुद्रात एका मुलुखाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते ती बोटीवाल्यांना कशी कळते? तिथे पाटी तर लावता येत नाही. सहज विचारतेय.

भिंगरी


१९ जानेवारी, सोमवार

दाद्या,

अजून तुझं उत्तर नाही, पण पोस्टाला वेळ लागतो हे मी धरून चाललेय.

मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. मला एक बाई होत्या. शाळेतल्या नाही, मनाच्या. इथे असा कायदाच आहे की सांभाळणाऱ्या घरी गेलेल्या पोराला महिन्याच्या आत मनाच्या माणसाकडे न्यायचं. ताप असो नसो. दात तपासतात तसं. मला कुणी विचारलं नाही, थेट नेलं. सरकारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बाईंची खोली, खाली दातांचा डॉक्टर. तू काही दुःखाचं सांगायला लागलास की खालून ड्रिल सुरू होतं. फार योग्य जागा आहे.

बाई उंच, लांब बाह्यांचे कुडते घालतात, आणि बोलतच नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, ही काय ट्रिक आहे, तुम्ही गप्प बसायचं आणि पगार घ्यायचा? तर म्हणाल्या, "हो, साधारण तसंच." मग मीच कंटाळून बोलायला लागले.

त्यांच्या दाराच्या वर घड्याळ आहे. बाई कप विसळायला आत गेल्या की मी स्टुलावर चढून काटा दहा मिनिटं पुढे करायची. मग आमचा तास लवकर संपायचा. बाई घड्याळाकडे बघून म्हणायच्या, "अरे, झाला की वेळ." त्यांना काही म्हणजे काही कळत नाही. शिकलेली माणसं.

तर आता त्या सुटल्या. म्हणजे मी सुटले. झालं असं की नवीन घर त्याच गावाच्या टोकाला आहे, बाईंच्या खोलीपर्यंत मी चालत जाऊ शकते. पण मधे जिल्ह्याची हद्द आहे. आणि कायदा म्हणतो की पोर ज्या जिल्ह्यात राहायला जाईल त्याच जिल्ह्याने त्याच्या मनाची काळजी घ्यायची. आधीच्या जिल्ह्याने हात झटकायचे. आपोआप. केसवाली ताईने मला विचारलं होतं, "काही हरकत?" मी म्हटलं, "मला काय फरक पडतो?" तिने तसं लिहून घेतलं. आता मला नवीन जिल्ह्यातल्या नवीन बाई मिळणार.

फक्त एक गंमत वाटते. हद्द नेमकी कुठून जाते? कुणाच्या स्वयंपाकघरातून जात असेल तर त्या माणसाने कांदा एका जिल्ह्यात चिरायचा आणि फोडणी दुसऱ्या जिल्ह्यात द्यायची? मी उद्या जाऊन बघणार आहे.

भिंगरी


२७ जानेवारी, मंगळवार

दाद्या,

सापडली.

आमच्या रस्त्यावर दिव्याच्या खांबाला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली एक पाटी आहे. इकडून बघितलं तर 'जिल्हा हद्द सुरू'. तिकडून बघितलं तर 'जिल्हा हद्द समाप्त, आभारी आहोत'. समाप्त झाल्यावर आभार मानायची पद्धत मला आवडली. मी खांबाच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून उभी राहिले. काही होत नाही. डावा पाय उजव्यापेक्षा जरा गार वाटला, पण त्या चपलेला भोक आहे.

आमचं घर पाटीच्या पलीकडे फक्त चार खांब.

माझ्यासाठी कोर्टाने एक वकील दिलाय, बिचारा तरुण आहे, त्याला सगळ्या पोरांनी मिळून वकीलकाका करून टाकलंय. तो महिन्यातून एकदा येतो, खुर्चीच्या टोकावर बसतो आणि "सगळं ठीक?" विचारतो. मी नेहमी "ठीक" म्हणते आणि तो सुटकेचा श्वास टाकतो. यावेळी मी विचारलं, हा हद्दीचा कायदा कुठल्या येड्याने केला? तर तो एकदम जागा झाला. खुर्चीत मागे सरकून बसला.

म्हणाला, "येड्याने नाही गं. आधी फार वाईट होतं. पोर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं की जुना जिल्हा म्हणायचा, आता ते आमचं नाही. नवा म्हणायचा, पैसे जुन्याकडे येतात, त्याने बघावं. दोघांच्या मधे पोरं नुसती बसून असायची. वर्ष वर्ष. म्हणून कायद्याने सांगितलं, पोर जिथे, काळजी तिथली. कुणी टोलवायचं नाही."

म्हणजे कायदा चांगला आहे. हे ऐकून मला फार राग आला. वाईट कायदा असता तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

मग मी विचार केला. पोर जिथे, काळजी तिथली. ठीक. पोर हलवता येत नसेल तर हद्द हलवू.

तू आता कपाळाला हात लावला असशील. काढ. सगळं व्यवस्थित पार पडलं. काकांचं एक नारिंगी जाकीट आहे, पाठीवर चमकत्या पट्ट्यांचं, आणि हेल्मेट. मी ते घातलं, काकांच्या पेटीतून पाना घेतला, घडीची शिडी घेतली, आणि भर दुपारी, सगळ्या रस्त्यासमोर, पाटी उतरवली. मला एक गोष्ट कळलीये ती तुलाही सांगते, कामाला येईल: नारिंगी जाकीट घातलेल्या माणसाला कुणीही काहीही विचारत नाही. समोरच्या घरातले आजोबा आले. मला वाटलं, संपलं. तर त्यांनी शिडी धरली.

"उंच लाव जरा," म्हणाले. "मागे टेम्पो घासून गेला होता."

मी जाड आवाजात म्हटलं, "वरून ऑर्डर आहे."

"कुठून वरून?"

"अजून वरून."

त्यांनी मान हलवली आणि पाटी आमच्या घराच्या पुढच्या खांबाला लावेपर्यंत शिडी धरून उभे राहिले. जाताना म्हणाले, "बरं झालं. कधीपासून सांगतोय मी त्यांना." काय सांगत होते कुणास ठाऊक.

तर आता आमचं घर जुन्या जिल्ह्यात आहे. बघू काय होतं ते. मला खरंच बघायचंय.

समुद्राच्या हद्दीचं तू अजून सांगितलं नाहीस.

भिंगरी


६ फेब्रुवारी, शुक्रवार

दाद्या,

काय झालं ते सांगते, पण हसायचं असेल तर आधीच्या भागात हस, पुढे जरा वेगळं आहे.

नव्या जिल्ह्याचा डांबराचा रोलर आला. आमच्या रस्त्याचं काम बरेच दिवस अडकलं होतं म्हणे. त्यांनी त्या टोकापासून झकास काळा रस्ता करत आणला आणि पाटीपाशी थांबले. त्यांची हद्द संपली. जुन्या जिल्ह्याचं डांबर तर पाटी आधी जिथे होती तिथवरच आहे. मधे आमची घरं आणि आमच्यासमोर खडी. दोन्हीकडे गुळगुळीत आणि मधे खडी, म्हणजे गाड्या जोरात येतात आणि नेमक्या आमच्या दारात धुरळा उडवतात. काकूंकडे एका डॉक्टरीणबाईंचे सहा पांढरे कोट आले होते. ते आता बिस्किटाच्या रंगाचे आहेत.

रस्त्यावरच्या लोकांनी दोन्ही ऑफिसांना फोन केले. एक म्हणतं पाटी बघा, दुसरं म्हणतं नकाशा बघा. आमचा तो तुकडा कुणालाच नको होता. वकीलकाकाने सांगितलेली पोरं मला आठवली. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही, तर काकूंना वाटलं ताप आहे.

मग काका शिडी घेऊन त्या खांबाकडे गेले. खाली आले आणि मला हाक मारली.

"ह्या नटाचे कोपरे बघ."

बघितले. गोल झाले होते.

"तेराच्या नटाला चौदाचा पाना लावलाय. माझ्या पेटीत चौदाचा वर असतो, तेराचा खाली." काका माझ्याकडे बघत नव्हते, नटाकडेच बघत होते. "दुसरं काहीही कर, पोरी, पण नटाचे कोपरे नको मारूस. पुढच्या माणसाला त्रास होतो."

मला ओरडणारी माणसं चांगली कळतात. ह्याचं काय करायचं ते कळेना.

ओरडल्या काकू. म्हणजे ओरडल्या पण नाहीत. कोट साबणाच्या पाण्यात बुडवत म्हणाल्या, "आमच्याकडे राहायचं नसेल तर तोंडाने सांगायचं. सगळं घर उचलून पलीकडे कशाला न्यायचं?"

त्यांना वाटलं मला त्यांच्याकडून जायचंय. दाद्या, त्यांनी माझ्या शाळेच्या स्कर्टला आतून खिसा लावून दिलाय, मी न मागता. मी म्हटलं, "घर इथेच पाहिजे. बाईपण पाहिजेत."

तोंडातून निघालं. त्याआधी मला स्वतःलाही माहीत नव्हतं. खोटं. माहीत होतं.

काकूंनी हात पुसले. "मग हे कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"आणि खांबाला सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी काकांनी आणि मी पाटी जागेवर लावली, तेराच्या पान्याने. समोरचे आजोबा पुन्हा शिडी धरायला आले आणि म्हणाले, ह्या सरकारचं काही नक्की नसतं. काका गंभीर चेहरा करून म्हणाले, "वरून ऑर्डर आली." त्यानंतर मला काका आवडायला लागले. रोलरवाले अजून फिरकलेले नाहीत.

केसवाली ताईला बोलावलं. ती म्हणाली, "मी विचारलं होतं ना, काही हरकत?" मी म्हटलं, "तू असं विचारलंस की माणूस नाहीच म्हणेल." ती चिडली नाही. तिने बगलेतली फाइल टेबलावर ठेवली, जी ती कधी ठेवत नाही, आणि वकीलकाकाला फोन लावला.

तर कायद्याला एक खिडकी आहे. बदलल्यामुळे चालू असलेलं मोडत असेल, तर जुन्याच बाई ठेवता येतात. आपोआप नाही, मागावं लागतं. आणि मी आधी हरकत नाही म्हटलंय, म्हणून आता न्यायाधीशांपुढे जाऊन सांगावं लागणार की काय मोडेल. मी पण सांगू शकते, मी मोठी आहे तेवढी. पण वकीलकाका म्हणाला की रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं पत्र असेल तर वजन पडतं.

माझ्या रक्ताच्या नात्यात तू आहेस. मी मोजून बघितलं.

मला तुझ्याकडून दुसरं काही नको. घरी न्यायचं वगैरे काही विचारत नाहीये. दोन ओळी हव्यात, वकीलकाकाच्या पत्त्यावर, तो खाली लिहिलाय. २७ तारखेला कोर्ट आहे.

भिंगरी


१८ फेब्रुवारी, बुधवार

दाद्या,

वकीलकाकाकडे काही आलेलं नाही. मी रोज विचारते, आता तो माझा फोन लागला की आधीच "नाही" म्हणतो.

काल नवीन बाईंकडे गेले. निकाल लागेपर्यंत जावं लागतं. त्या चांगल्या आहेत, हे आधीच सांगते, नाहीतर तू म्हणशील की मी मुद्दाम वाईट बोलतेय. खोलीत खिडकी आहे, ड्रिल नाही, मऊ खुर्च्या आहेत. त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं तुझ्या?"

मी म्हटलं, "मला कुणी नाही."

आणि मग मी सुटले. बाबा सर्कशीत होते. एका हत्तीने रागाच्या भरात त्यांना नाही, त्यांच्या तंबूला तुडवलं, त्या धक्क्याने ते बोलायचे थांबले. आई पॅराशूट शिवायची. एक जुळी बहीण होती, ती चुकून दुसऱ्याच विमानात चढली. बाई सगळं ऐकून घेत होत्या, त्यांचे डोळे भरून आले. दाद्या, इतकं सुरेख मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. आमचा तास संपला आणि मी जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून राहिले, कारण मला माहीत होतं आता पुढे काय. आता दर आठवड्याला हत्ती सांभाळायचा. त्याचं नाव काय, तो कुठल्या पायाने लंगडायचा, सगळं लक्षात ठेवायचं.

जुन्या बाईंपाशी पण मी असंच सुरू केलं होतं. तिथे बाबा पाणबुडीत होते. आपल्या बाबांचं खरं काय ते तुला माहीत आहे, दुसरीकडे संसार मांडून बसले आणि आई गेली तेव्हा आलेही नाहीत. पाणबुडी बरी. पाणबुडी बुडाली, मग मामा आला, तो पण बुडाला, असं करत करत कित्येक महिने गेले. बाई गप्प. एक दिवस माझ्याकडचं सगळं संपलं. सांगायला काही उरलंच नाही. खाली ड्रिल चालू होतं आणि मी म्हटलं, "मला एक दादा आहे. त्याने मला दोन महिन्यांसाठी ठेवलं होतं."

बाई म्हणाल्या, "बरं."

एवढंच. पण त्या दिवसापासून मी खरं बोलायला लागले. रोज नाही. बऱ्यापैकी.

तू लिहिणार नसशील तर तसं कळव. तू आठ माणसांच्या खोलीत राहतोस आणि तिथे पोरींना ठेवू देत नाहीत हे मला तेव्हाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे की दोन महिने झाल्यावर तू आणखी कंत्राट घेशील आणि ते मला केसवाली ताईकडून कळेल. हे मी बाईंना सांगितलंय. तुला पहिल्यांदाच सांगतेय. लिहिताना कागद फाटला नाही, म्हणजे बाईंचा काहीतरी उपयोग झाला असेल.

भिंगरी


८ मार्च, रविवार

प्रिय दाद्या,

कोर्ट म्हणजे मला वाटलं होतं लाकडी पिंजरा असेल, त्यात उभं राहून बोलायचं. मी त्यासाठी आवाज तयार केला होता. प्रत्यक्षात साधी खोली, लांब टेबल, एसीचं पाणी ठिबकतंय त्याखाली बादली. न्यायाधीश बाईंना सर्दी झाली होती. काकूंनी नवीन कपडे घातले होते आणि काका बाहेर लिफ्टपाशीच अडकले, कारण तिचा आवाज त्यांना बरोबर वाटेना. केसवाली ताई होती. एका बाजूला जुन्या बाई बसल्या होत्या, त्याच लांब बाह्यांच्या कुडत्यात. त्यांनी मला बघून मान हलवली आणि नेहमीसारख्या गप्प.

नव्या जिल्ह्याचा माणूस म्हणाला, आमच्याकडे उत्तम सोय आहे, मुलीने पहिल्याच भेटीत मोकळेपणाने कुटुंबाची माहिती दिली आहे. आणि त्याने वाचून दाखवलं. हत्तीसकट. भर कोर्टात. केसवाली ताईने फाइल तोंडापुढे धरली.

न्यायाधीश बाईंनी नाक पुसलं. "हे खरं आहे?"

"नाही," मी म्हटलं. "पण चांगलं आहे."

"मग तू मला सांग, बदललं तर काय मोडेल?"

त्यासाठी मी भाषण पाठ केलं होतं. वकीलकाकाने लिहून दिलेलं, त्यात 'सातत्य' हा शब्द तीन वेळा होता. ते सगळं डोक्यातून गेलं. मी म्हटलं, "मॅडम, माझं खोटं संपायला फार वेळ लागतो. ह्या बाईंपाशी ते एकदा संपलंय. नवीन ठिकाणी परत पहिल्यापासून संपवावं लागेल. आणि पुढच्या घरी गेले की परत. मला येतं, मी करीन. पण मग खरं बोलायला कधी लागणार?"

बादलीत पाणी ठिबकत होतं. मला गप्प बसवत नाही हे तुला माहीतच आहे, म्हणून मी पुढेही बोलले. म्हटलं, आधी मी बाईंच्या घड्याळाचा काटा पुढे करायची, तास लवकर संपावा म्हणून. नंतर मागे करायला लागले. बाईंना कळलं नाही.

न्यायाधीश बाईंनी जुन्या बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सांगू?" म्हणजे त्यांच्या खोलीतलं बाहेर सांगायचं तर मला विचारावं लागतं, तोही कायदाच आहे. मी म्हटलं, सांगा.

बाईंनी डावी बाही वर केली. मनगटावर घड्याळ. इतके दिवस. "मागे करायला लागली तेव्हापासून," बाई म्हणाल्या, "मी तिच्यानंतर कुणाला वेळ देत नव्हते."

दाद्या, मला एवढं फसवलेलं आजवर कुणी नाही. मला, जी सगळ्यांना फसवते.

मग वकीलकाकाने तुझं पत्र काढलं. सकाळीच आलं म्हणाला, मला मुद्दाम आधी सांगितलं नाही, मी खोटे चाळे करीन म्हणून. न्यायाधीश बाईंनी मोठ्याने वाचलं. तू लिहिलंयस की ती आता कशी आहे हे मी सांगू शकत नाही, तिने दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलंय आणि त्याला कारण मी आहे. म्हणून ती ज्यांच्याशी बोलते त्यांच्याकडेच तिला राहू द्या. आणि खाली लिहिलंयस, समुद्रात हद्द पाण्यावर दिसत नाही, ती नकाशावर काढलेली असते, आणि बोट बुडत असेल तर जी बोट जवळ असेल ती जाते, हद्द नंतर बघतात.

न्यायाधीश बाई म्हणाल्या, हे शेवटचं कशाबद्दल आहे? मी म्हटलं, ते माझं आहे, मी विचारलं होतं.

बाई मिळाल्या. सहा महिन्यांसाठी, मग पुन्हा बघणार. तोपर्यंत जुना जिल्हाच माझ्या मनाचं बघेल आणि नव्या जिल्ह्याने त्याला सांभाळून घ्यायचं, असा हुकूम आहे. लिफ्ट पण दुरुस्त झाली. परत येताना आम्ही सगळे तिच्यातून उतरलो आणि काका मजल्यामागून मजला डोळे मिटून ऐकत होते. केसवाली ताईने विचारलं, आता काही हरकत? मी म्हटलं, विचार करून सांगते. ती हसली, आणि खरंच थांबली. घरी आलो तर रोलरवाले आमच्या दारात होते. काकूंनी त्यांना चहा दिला आणि उभं राहून शेवटच्या खड्यापर्यंत काम करून घेतलं.

बाईंकडे शुक्रवारी जाते. त्यांच्या खोलीत तीन खुर्च्या आहेत. एकीवर बाई, एकीवर मी. मी विचारलं, तिसरी कुणासाठी? म्हणाल्या, कुणासाठी नाही, अशीच आहे. मग मी वकीलकाकाला विचारलं की पोराचा दादा आला आणि त्या खुर्चीवर बसला तर कायद्यात बसतं का. तो पुस्तक बघून आला. बसतं. पोराने हो म्हणायला हवं फक्त.

पोर हो म्हणतंय.

त्या खुर्चीचा मागचा पाय मी फार आधी ढिला करून ठेवला होता, कुणीतरी आपटावं म्हणून. परवा काकांच्या पेटीतून पाना नेला, तेराचा, आणि आवळून टाकला. तरी बसायच्या आधी एकदा हाताने दाबून बघ.

भिंगरी